फक्त डावा मिळेल का?

३ मार्च

प्रिय ढब्बू,

फोन करू नकोस, लिही. शिलाई मशीनच्या खडखडाटात जन्म गेला. आता फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. मागच्या आठवड्यात तू म्हणालास, 'वेबसाइट हलकी केली.' मी ऐकलं, 'तब्येत हलकी झाली.' दोन दिवस तुझ्या बाबांच्या मागे लागले होते, की पोराला काय झालंय ते खरं सांग. दादा म्हणाला, चांगला ठणठणीत आहे, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता कामाचं. गेल्या वर्षी तू हौसेने आपल्या बुटांच्या दुकानाची वेबसाइट करून दिलीस. फोटो इतके झकास, की मास्तरांना स्वतःच्या हाताने कापलेले बूट ओळखता येईनात. पण त्या दुकानात येतं कोण? मी रोज सकाळी कॉम्प्युटर उघडून बघते, तर कालच्यासारखंच सामसूम. ट्रॅफिक वाढवायला हवं असं तू लिहिलंस, ते मी मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ट्रॅफिक समोर भरपूर आहे. थांबत कुणी नाही एवढंच."

खरंय त्यांचं. रस्ता एकेरी केल्यापासून गाड्या सुसाट जातात आणि पायी चालणारा माणूस कोपऱ्यावरच्या मॉलमध्ये शिरतो. मापावर बूट शिवणारं हे दुकान तुझ्या आजोबांनी उभं केलं, तेव्हा आत माणसं मावत नव्हती. आता आम्ही तिघंच उरलोय. कापायला मास्तर, शिवायला वहिनी (त्या माझ्या कुणी लागत नाहीत, पण सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणते) आणि गल्ल्यावर मी.

तू त्या मोठ्या कंपनीत दिवसभर लोकांना धरून धरून दुसऱ्यांच्या दुकानांत नेऊन सोडतोस ना? मग चार माणसं आत्याकडेही वळव की.

तुझी आत्या


९ मार्च

ती. आत्या,

मला 'ढब्बू' म्हणणारी तू जगात एकटीच उरलीस. सहा फुटी माणसाला हे नाव शोभतं का?

वळवतो, पण एक सांगतो. हे काम पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. आधी माणूस नेटवर 'चांगले चामड्याचे बूट' असं शोधायचा, समोर दुकानांची नावं यायची, त्यातल्या एखाद्या दुकानात तो शिरायचा. आता शोधायचं पानच शहाण्यासारखं उत्तर देऊन मोकळं होतं. माणूस उत्तर वाचतो आणि तिथूनच परत जातो, दुकानाच्या पायरीपर्यंत येतच नाही. जाहिराती द्याव्यात तर मोठ्या कंपन्यांनी भाव चढवून ठेवलेत.

सध्या चालतंय ते छोटे व्हिडिओ. मास्तरांचे हात, सुरी, चामडं, बस. तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही, फक्त कापतानाचा आवाज. तू मोबाइल स्टँडवर लावून चित्रीकरण कर आणि मला पाठव. बाकीचं मी करतो. मला सध्या वेळ आहे, कंपनीत काम जरा कमी आहे.

मास्तरांना सांग, नखं साफ हवीत.

तुझा भाचा (ढब्बू नव्हे)


२ एप्रिल

प्रिय ढब्बूच,

अरे, हा काय प्रकार आहे! मास्तर जगप्रसिद्ध झाले. वहिनींच्या मुलीने कॉलेजातून फोन केला, तिच्या वर्गात सगळे तो व्हिडिओ बघतात म्हणे. मी खालचे अभिप्राय वाचत बसले. 'काय आवाज आहे!' 'हे बघून मला शांत झोप लागते.' 'आजोबांचे हात किती सुंदर.' मास्तरांनी ते वाचल्यापासून हातांना क्रीम लावायला सुरुवात केलीय. सुरी निसटते त्यामुळे.

वेबसाइटवरही माणसांची ही रीघ. आकडा बघून मी खुर्चीत बसले. वहिनी म्हणाल्या, एवढी माणसं खरोखर दारात आली असती, तर पोलीस बोलवावे लागले असते.

आणि ढब्बू, एवढ्या जत्रेत विकलं काय गेलं सांगू? बुटाच्या नाड्या. काळ्या, एक जोडी.

चूक तुझी नाही, काहीतरी माझंच चुकत असेल. किंमत जास्त असेल, नाहीतर लोकांना आता असले बूट नकोच असतील. तू फार जीव काढू नकोस. तुला तुझं ऑफिस आहे.

इकडे मी माळा साफ करायला काढलाय. जुने लाकडी साचे, तुटकी खुर्ची, काय काय निघतंय. ठीक आहे सगळं.

आत्या


१० एप्रिल

ती. आत्या,

नाड्यांवरून मला तीन दिवस हसू आलं आणि मग रडू. बघायला आलेला आणि घ्यायला आलेला यांत फरक असतो, हे मी इतरांना शिकवायचो. स्वतःच्या दुकानाच्या वेळी विसरलो.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय. जत्रा ओसरल्यावरही काही माणसं येताहेत. ती मापांच्या पानावर जातात, तिथे बराच वेळ थांबतात आणि निघून जातात. माझा अंदाज आहे, की मापांचा तक्ता त्यांना समजत नाही. तो मी नव्याने करतोय, चित्रांसकट. शिवाय पहिल्या खरेदीवर सूट अशी एक खिडकीही उघडेल. बघू या.

माळा एकदम का साफ करायला घेतलास?

तुझा भाचा


६ मे

प्रिय ढब्बू,

तक्ता छान झालाय. सूट देणारी खिडकी मात्र मलाच तीनदा आडवी आली, मी ती तीनदा बंद केली. गिऱ्हाइकाने दारात पाय टाकायच्या आत त्याच्या गळ्यात पडलं, तर तो पळणारच.

मापांच्या पानावरून लोक अजून परत जातातच म्हणतोस. जाऊ देत रे. सगळ्यांना सगळं कुठे मिळतं.

माळ्यावर धूळ झाली होती म्हणून तो काढला. तब्येतीला जप. तू हल्ली पत्राला चटकन उत्तर देतोस, बरं वाटतं. साहेब ओरडत नाहीत ना?

आत्या


२० मे

आत्या,

काल बाबांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, "बरं झालं तुझ्या आत्याने दुकान द्यायचा निर्णय घेतला, तो मोबाइलवाला दुकानाच्या भिंती मोजून गेला, सप्टेंबर संपला की किल्ल्या द्यायच्या." मी हातातला कप खाली ठेवला. माळ्यावर धूळ झाली होती म्हणे! मला का नाही सांगितलंस? मी इथे तक्त्यात रंग भरत बसलोय आणि तू तिथे आजोबांचे साचे पोत्यात भरतेयस!

रागावलोय. पण रागवायला मला तोंड नाही, म्हणून माझंही सांगून टाकतो. मला ऑफिस नाही. फेब्रुवारीतच गेलं. जाहिरातींचा मजकूर आता मशीन लिहितं, आमचा अख्खा विभाग एका दुपारी घरी गेला. तुला सांगितलं असतं तर तू मला काम करू दिलं नसतंस, 'आधी नोकरी बघ' म्हणाली असतीस. तुझं दुकान हे माझं एकुलतं एक काम आहे, आत्या. सकाळी उठून शर्ट घालून बसतो मी त्यासाठी.

आता रडणं पुरे. पुढचं नीट वाच.

आपल्या वेबसाइटवर वरच्या कोपऱ्यात शोधायची एक चौकट आहे. लोक त्यात हवी ती वस्तू लिहितात. आपल्याकडे ती नसेल तर 'काही सापडलं नाही' असं उत्तर जातं. लोक काय लिहितात याची नोंद आपोआप होत असते आणि मी ती कधी उघडलीच नव्हती. रंग आणि आकडे बघत राहिलो, माणसं काय म्हणताहेत ते वाचलंच नाही. काल बाबांचा फोन ठेवल्यावर काही सुचेना, म्हणून ती उघडली.

आत्या, त्यात काय आहे ते तसंच उतरवतोय:

'फक्त डावा'
'एकच बूट मिळेल का'
'उजवा सहा नंबर डावा आठ नंबर'
'एक पायाचा बूट'
'फक्त डावा मिळेल का'
'जोडी नको एकच हवा उजवा'

पानांमागून पानं अशीच. मापांच्या पानावर थांबून परत जाणारी माणसं हीच. त्यांना तक्ता चांगला समजत होता. आपल्यालाच ती समजत नव्हती. हाताने बूट शिवणारं दुकान दिसलं, म्हणून ती आशेने येतात आणि आपण त्यांना 'काही सापडलं नाही' म्हणून परत पाठवतो.

कारखान्यात एक बूट बनत नाही. मास्तरांना बनवता येईल का?

तुझा भाचा


२६ मे

वेड्या,

आधी नोकरीचं. शर्ट घालून बसतोस हे वाचून मी गल्ल्यामागे तोंड फिरवून उभी राहिले. वहिनींना वाटलं उधारीवरून कुणाशी भांडण झालं. ती कंपनी गेली खड्ड्यात. आणि मी तुला सांगितलं नाही, कारण तू 'थांब, मी करतो' म्हणून तुझी झोप घालवली असतीस. म्हणजे तू आणि मी एकाच घरातले, यात शंका नाही.

आता तुझी ती यादी. मी ती मोठ्याने वाचली. वहिनींनी मशीन थांबवलं.  मास्तर उठले, पोत्यातून साचे काढायला लागले. एकेक काढून फळीवर मांडत म्हणाले, "आपण कधी जोडी शिवलीय का? आपण आधी डावा शिवतो. मग उजवा शिवतो. जोडी खोक्यात होते."

 मग आम्हाला सगळ्यांनाच बोलायचं होतं. वहिनींचे एक मामा, अपघातात एक पाय गेलेले, दरवेळी जोडी विकत घेऊन एक बूट दुकानातच ठेवून यायचे. म्हणायचे, घरी नेला की तो माझ्याकडे बघत बसतो. लहानपणी पोलिओ झालेली एक बँकेतली बाई आपल्याकडे यायची, एक पाय मोठा, एक लहान. दोन जोड्या घ्यायची. आम्ही बांधून द्यायचो, गोड हसायचो आणि दार लावायचो. यात काही वावगं आहे असं आमच्या मनातही आलं नाही.

लाव पाटी. एक बूट मिळेल, डावा किंवा उजवा, किंमतही एकाचीच. दोन वेगळ्या मापांचे मिळतील. ती सूट देणारी खिडकी मात्र काढून टाक.

मोबाइलवाल्याला मी शब्द दिलाय, तो सप्टेंबरअखेरचा आहे. तोवर दुकान माझं.

आत्या


१४ जून

आत्या!

पाटी लावली. आणि शोधायच्या चौकटीत 'फक्त डावा' लिहिलं, की आता 'काही सापडलं नाही' येत नाही. 'हो, मिळेल. माप सांगा,' असं येतं. एवढं एक वाक्य बदलायला मला तीन महिने लागले.

पहिल्याच आठवड्यातल्या मागण्या तू बघतेच आहेस. नाड्यांपेक्षा बऱ्या आहेत ना? आता हे जगाला कळायला हवं, म्हणून मी एक व्हिडिओ केलाय. एकटा पडलेला बूट, रिकामी खुर्ची, खिडकीतला अंधूक उजेड, मागे संगीत. बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. काल टाकला. लोक भराभर पुढे पाठवताहेत.

तुझा भाचा


१९ जून

ढब्बू,

तो व्हिडिओ काढ. आधी काढ, मग पुढचं वाच.

काढलास? आता ऐक. काल दुपारी एक बाई दार ढकलून आल्या. दोन कुबड्या, एक पाय, आणि त्या पायात आपलाच बूट, मास्तरांनी गेल्याच आठवड्यात पाठवलेला. वेग असा, की वहिनी हातातल्या चामड्यासकट बाजूला झाल्या.

"तो व्हिडिओ कुणाचा?"

"आमचाच," मी म्हणाले.

"त्यात ते व्हायोलिन कोण रडवतंय?"

 आणि त्याच पुढे म्हणाल्या, "माझा पाय गेला त्याला जमाना झाला. मी शाळेत गणित शिकवते, संध्याकाळी फुटबॉल खेळते. मला बूट हवा होता, तुम्ही तो दिलात, मी पैसे दिले. यात रडायचं काय आहे? बूट चावला असता तर रडले असते. चावत नाही. आजवर पायात घातलेला हा पहिला बूट आहे, जो फक्त माझ्यासाठी केलाय. हे सांगा ना लोकांना!"

मास्तरांनी मान खाली घातली आणि मी बाईंना खुर्ची दिली. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भांडायला आले होते, ते झालं. आता काम." त्या एका टीमच्या कॅप्टन आहेत. सगळ्या बायका, सगळ्या एका पायावर, कुबड्या घेऊन फुटबॉल खेळतात. गोलकीपर तेवढी दोन पायांची, पण एका हाताची. फुटबॉलचे बूट बाजारात जोडीनेच मिळतात. उरलेल्या बुटांनी बाईंच्या घरातलं कपाट भरलंय. बरं, मिळतात तेही दोन पायांवर धावणाऱ्यांसाठी केलेले. सगळं वजन एका पायावर घेऊन गर्रकन वळलं, की तळ एका बाजूने फाटतो. सप्टेंबरमध्ये मोठी स्पर्धा आहे.

"कराल का?" त्यांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "आधी तुम्हाला खेळताना बघू द्या."

उद्या ते मैदानावर जाणार आहेत. क्रीम लावणं बंद झालंय.

तू बाईंना लिही. माफी वगैरे लांबवू नकोस, त्यांना वेळ नसतो.

आत्या


३० जुलै

ती. आत्या,

व्हिडिओ त्याच मिनिटाला काढला होता. कॅप्टनबाईंना दोन ओळी लिहिल्या: 'चुकलो. तुम्हाला काय सांगावंसं वाटतं?' त्यांनी उत्तरादाखल स्वतःच केलेला व्हिडिओ पाठवला. मैदान, समोर बॉल. त्या म्हणतात, "एकच बूट हवा होता. एकच मागवला. एकच आला. आता बघा." आणि मारतात. बॉल वरच्या कोपऱ्यातून जाळीत. पुढे एक शब्द नाही. मी त्याला कात्री लावली नाही, संगीत लावलं नाही, तसाच टाकला.

त्यानंतर इथे जे चाललंय ते मी नोकरीतल्या इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. मास्तरांच्या हातांना जेवढ्या लोकांनी बघितलं, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही हा व्हिडिओ बघितला नाही. पण बघणारा जातो तो थेट माप द्यायला. आणि तो दुसऱ्याला सांगतो. हॉस्पिटलमधला व्यायाम करून घेणारा माणूस पेशंटला सांगतो, पेशंट भावाला. लोक जाहिरातीवरून येतच नाहीत, आपल्या दुकानाचं नाव स्वतः टाइप करून येतात. यासाठी मोठमोठ्या कंपन्या डोकं आपटून घेतात, आत्या.

एक गंमत. डाव्या पायाच्या एक वकीलबाई आणि उजव्या पायाचा एक टॅक्सीवाला, दोघांचं माप सारखं आणि दोघांना तोच तपकिरी बूट हवा. त्यांनी वेबसाइटवरच्या अभिप्रायांतच एकमेकांना गाठलं, आता जोडी मिळून मागवतात. रंगावरून वाद झाला की मला मध्ये पडावं लागतं. मी असल्यांसाठी एक वेगळं पान करतोय.

मैदानी बुटांचं कुठवर आलं?

तुझा भाचा


२४ ऑगस्ट

प्रिय ढब्बू,

तुझं ते पान बघितलं. आजवर जोडे विकले, या वयात आता जोड्या जुळवायला बसवलंस मला.

इकडे श्वास घ्यायला फुरसत नाही. वहिनींनी हाताखाली दोघी शिवणाऱ्या घेतल्यात, त्या तिघींच्या गप्पांमुळे मशीनचा आवाज ऐकू येत नाही. मास्तर रोज संध्याकाळी मैदानावर. पहिला बूट केला, तो वळताना घसरला. दुसरा केला, तो टाचेला लागला. टीमच्या मुली त्यांना "सर" म्हणायला लागल्यात. तिसऱ्या बुटाला त्यांनी बाहेरच्या कडेला चामड्याची एक जाड पट्टी दिली, सगळा भार पेलायला. कॅप्टनबाईंनी तो घातला, एक पूर्ण गिरकी घेतली, थांबल्या, उलटी घेतली. मग मास्तरांकडे बघून नुसत्या हसल्या. मास्तर घरी न जाता थेट दुकानात आले आणि बाकीचे बूट कापायला बसले.

मोबाइलवाला परवा फर्निचरवाल्याला घेऊन आला होता. मी म्हटलं, सप्टेंबर अजून संपलेला नाही. खरं सांगू, माझा धीर होत नाही. आता मागणी आहे, पण ती टिकेल का? मास्तरांच्या व्हिडिओची जत्रा आठवते मला. तुझे बाबा रोज तेच म्हणतात, "अगं, हातात आलेला सौदा सोडू नकोस."

फायनलपर्यंत पोचल्या तर ती मॅच टीव्हीवर दाखवणार आहेत. पोचतील असं मला वाटतं. तू येशील का?

आत्या


२१ सप्टेंबर, संध्याकाळ

आत्या,

तू अजून मैदानावरच असशील. मी आलो नाही ते बरं झालं असं आज वाटतंय, कारण वेबसाइटवरच्या दुकानात कुणीतरी असायला हवं होतं.

मी मॅच एका डोळ्याने बघत होतो. हाफटाइमला समालोचक सहज म्हणाला, "यांच्या पायातले बूट बघा, प्रत्येकीसाठी एकेकच शिवलाय, असं एक दुकान आहे," आणि आपलं नाव घेतलं. मी खुर्चीत सरसावतोय तोच कॉम्प्युटरवरची, साइटवर येणाऱ्यांचा आकडा दाखवणारी रेघ उभी झाली. एरवी ती टेकडीसारखी चढते. आज भिंतीसारखी चढली. साइट अडखळायला लागली. मी फोटो काढून टाकले. तरी अडखळे. मग रंग काढले, व्हिडिओ काढले, आपली सगळी सजावट काढून फेकली. शेवटी नुसतं पांढरं पान उरलं, त्यावर एकच प्रश्न: 'डावा की उजवा?' आणि खाली मापाची जागा.

ते पान टिकलं, आत्या! एकदाही पडलं नाही. पहिल्या गर्दीच्या वेळी लोक येऊन नुसते बघून गेले होते. आज प्रत्येक जण उत्तर देत होता. डावा. डावा. उजवा. डावा सहा, उजवा आठ. मी नुसता वाचत बसलो होतो. कुणी खाली लिहिलं होतं, 'माझ्या मुलीसाठी.' कुणी लिहिलं होतं, 'लग्नात नाचायचंय.'

या धावपळीत दुसरा हाफ माझा पूर्ण हुकला. निकाल मी मुद्दाम बघितलेला नाही. तू सांग.

तुझा भाचा


२२ सप्टेंबर

ढब्बू,

माझा घसा बसलाय, म्हणून लिहिणंच सोयीचं.

पहिल्या हाफमध्ये एक गोल खाल्ला. समोरच्या मुली धिप्पाड, आणि आमच्या पोरींना बॉल सापडेना. तुझे बाबा माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसले होते, मला सोबत म्हणून आलेले. म्हणाले, "हरणार गं." मी म्हटलं, गप्प बस.

हाफटाइमनंतर त्या उतरल्या त्या वेगळ्याच. कुबड्या रोवायच्या, अंग हवेत झोकायचं आणि एका पायाने बॉल घ्यायचा, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. डाव्या पायाची एक बुटकी मुलगी, दुकानात कधी तोंड उघडत नाही, तिने तिघींमधून बॉल काढला आणि गोल झाला. बरोबरी! तुझ्या बाबांच्या हाताची घडी सुटली.

मग किती वेळ नुसती चढाओढ. आपली एका हाताची गोलकीपर एकदा अशी आडवी झाली, की बॉल तिच्या बोटांच्या टोकांना लागून बाहेर गेला. मास्तर काही बघतच नव्हते. त्यांची नजर सगळा वेळ पायांवर. "पट्टी धरतेय," एवढंच पुटपुटत होते, "पट्टी धरतेय."

शेवटी शेवटी कॅप्टनबाईंकडे बॉल आला तेव्हा त्यांची पाठ गोलकडे होती. समोर एक, मागे एक. त्यांनी कुबड्या टेकवल्या आणि गर्रकन वळल्या, पूर्ण वजन त्या एका पायावर, त्या एका बुटावर. मी डोळे मिटले. कानाने कमी ऐकू येतं ना मला? पण सगळं स्टेडियम ओरडलं ते मी छातीत ऐकलं. डोळे उघडले तर बॉल जाळीत, आणि तुझे बाबा, माझा तो शिस्तीचा दादा, बाकावर उभे राहून अनोळखी माणसाला मिठी मारत होते.

जिंकलो रे. जिंकलो!

नंतर कॅप्टनबाई कप घेऊन धावत आल्या नाहीत. आधी आमच्यासमोरच्या कुंपणाशी आल्या, मैदानातच बसल्या, बूट काढला आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो उलटा केला, तळ बघितला, कडेवरून अंगठा फिरवला. "शिवण हललेली नाही," म्हणाले, आणि मग ते ढसाढसा रडले. व्हायोलिनशिवाय.

आज सकाळी मोबाइलवाल्याला बोलावून नाही म्हणून सांगितलं. मी भांडणाच्या तयारीने बसले होते. तो म्हणाला, "मॅच मीही बघितली, बाई. मी मालक असतो तर मीही दिलं नसतं." चांगला माणूस निघाला. त्याच्यासाठी मॉलशेजारचा गाळा दादानेच शोधून दिला.

आत्या


२९ सप्टेंबर

ती. आत्या,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून, मग शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. बाबा बाकावर! याचा फोटो कुणी काढला नाही, हे या वर्षातलं आपलं एकमेव नुकसान.

काल जुन्या साहेबांचा फोन आला. मॅचच्या दिवसाची आपली गर्दी त्यांच्या कानावर गेलीय. विचारत होते, कुठली युक्ती केलीस? मी म्हणालो, "लोकांनी काय लिहिलं होतं ते वाचलं." ते म्हणाले, "आणि?" मी म्हणालो, "आणि ते दिलं." त्यांना ते अपुरं वाटलं. मला पूर्वीपेक्षा मोठी खुर्ची देतो म्हणाले. विचार करायला वेळ देत होते, मी घेतला नाही. नको म्हणून सांगितलं.

आता सरळ विचारतो. तुझ्या दुकानात मला घेशील का? भाचा म्हणून नको, नोकर म्हणूनही नको. भागीदार म्हणून घे. चामडं मला कळत नाही, शिकेन. सामान बांधायला आठवडा लागेल.

ढब्बू


३ ऑक्टोबर

प्रिय ढब्बू,

भागीदारीचे कागद दादा करून आणतोय. मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, "मुलगा उंच आहे, माळ्यावरचं काढायला बरा." म्हणजे मान्य आहे.

लवकर निघ. आज दुपारचंच सांगते. दुकान गच्च भरलेलं, आणि त्यात एक बाप सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तिला डावा पाय नाही. बाप हळू आवाजात मला सांगायला लागला, की तिला फार चालवत नाही, ती लाजते, काळा किंवा तपकिरी साधासा द्या. मुलगी तोवर मास्तरांच्या टेबलाशी जाऊन उभी. त्यांना विचारत होती, "फायनलचा बूट तुम्हीच केला ना? मला लाल पाहिजे."

लाल चामड्याचा एक उजवा बूट, लहान मुलाच्या मापाचा, वहिनींनी परवाच हौसेने शिवून ठेवला होता. मास्तरांनी तो दिला. जरासा सैल होता, आत पातळ तळ घातला, बसला. मी खोकं काढलं. "खोकं नको," ती म्हणाली. बाप पाकीट काढेपर्यंत तिने कुबड्या उचलल्या, दार ढकललं आणि सुटली. फुटपाथवरून थेट, माणसांमधून वाट काढत, मागे न बघता. बाप दारातून ओरडतोय, "अगं हळू! अगं थांब!"

ती कसली थांबते! तो माणूस पैसे माझ्या हातात कोंबून, हसत, तिच्यामागे धावत सुटला.

आत्या